आजी रागावेल असा प्रोजेक्ट: शेवटच्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्सचं काही बनवणाऱ्यांसाठी

सातवं सेमिस्टर सुरू झालं त्या आठवड्यात भाचा विषयांची यादी घेऊन आला. यादीत चौदा विषय आणि बहुतेकांच्या आधी ‘स्मार्ट’. स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट हेल्मेट, स्मार्ट पार्किंग, शिवाय चेहरा ओळखून हजेरी. ‘आत्या, यातला कुठला सोपा पडेल?’ मी पिथमपूरला एका कारखान्यात मोटर पॅनेलच्या देखभालीचं काम करते, म्हणून असले प्रश्न घरात माझ्याच वाट्याला येतात. त्या दिवशी मी माहेरी, राजेंद्रनगरला होते. खाली अंगणात आई हौदाचं झाकण सरकवून, कान लावून बसली होती. नर्मदेच्या पाण्याचा दिवस होता.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या शहराचं बहुतेक पाणी जलूदहून येतं, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेतून उचलून. घरोघरी ते साधारण एक दिवसाआड येतं आणि आलं तरी थोडाच वेळ. ते आधी जमिनीतल्या हौदात पडतं, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटर लावायला विसरलं तर वर पाणी नाही, बंद करायला विसरलं तर गच्चीवरून धबधबा आणि शेजारच्या काकूंचा आवाज. हौद रिकामा असताना मोटर चालू राहिली तर मोटरच जळते. हे सगळं आई गेली तीस वर्षं कानानं सांभाळते आहे.

मी भाच्याला म्हटलं, यादी फाड, आजीकडे जा आणि विचार की तुझं सगळ्यात मोठं डोकं कशानं दुखतं. उत्तर अर्थातच पाणी आणि मोटर. म्हणून प्रोजेक्ट ठरला: हौदातलं पाणी टाकीत चढवणारी मोटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. पुढचं सगळं त्याच एका प्रोजेक्टच्या अनुभवावरून लिहिते आहे. तुमचा विषय वेगळा असेल, पण कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

विषय: कोण रागावेल?

विषय निवडताना ‘नवीन आहे का’ हा प्रश्न सगळे विचारतात. माझा प्रश्न वेगळा आहे. हे यंत्र बिघडलं तर तुमचं नाव घेऊन रागावणारं माणूस कोण? आजी, कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, कॉलनीचा वॉचमन, कुणीही चालेल. असं माणूस सापडलं की निम्मे निर्णय तेच घेतं. कुणीच सापडत नसेल तर ते यंत्र फक्त एक्स्टर्नलसाठी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकासाठी आहे, आणि एक्स्टर्नल दहा मिनिटांत निघून जातो.

त्यानंतर दोन साध्या चाचण्या. जे मोजायचं आहे ते तुम्ही आज पट्टीनं, बादलीनं किंवा घड्याळानं मोजू शकता का? नसेल तर सेन्सर खरं बोलतोय की खोटं, हे तुम्हाला कधी कळणार नाही. आणि ती वस्तू टेबलावर छोट्या रूपात उभी करता येते का? दोन बादल्या आणि एक बारा व्होल्टचा छोटा पंप म्हणजे आमचा हौद आणि टाकी. कॉलेजमध्ये डेमोलासुद्धा शेवटी हेच नेलं.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पैसे तुमचे आहेत, मी काय बोलणार. फक्त व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘ही रोधकाची किंमत का घेतली’ एवढंच विचारलं तर खाली बघायची वेळ येते.

आधी बिघाड लिहा

सर्किट काढण्याआधी एक पान घ्या. डाव्या बाजूला काय काय बिघडू शकतं ते, उजव्या बाजूला तेव्हा यंत्रानं काय करायचं ते. भाच्यानं आजीला बसवून ही यादी केली आणि आजीनं असे बिघाड सांगितले जे त्याला सुचलेच नसते. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येते, सूं सूं करत. पाणी येतं आणि दोन मिनिटांत जातं, मग परत येतं. मोटर चालू असताना लाइट जाते आणि आली की मोटर आपोआप सुरू होते. टाकीचं झाकण वाऱ्यानं उडतं. कधी कधी पाहुणे असतात आणि तिला मोटर तेव्हाच हवी असते, यंत्राला काहीही वाटो.

शेवटचा मुद्दा भाच्यानं हसण्यावारी नेला. मी नेऊ दिला नाही. कारखान्यात प्रत्येक पॅनेलवर ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर स्विच असतो, तो याचसाठी.

याच पानावर आकडे लिहा: टाकीची उंची, हौदाची खोली, मोटर किती हॉर्सपॉवरची, हौदापासून टाकीपर्यंत वायर किती मीटर, घरातला वायफाय गच्चीवर पोचतो की नाही. मोबाइल घेऊन गच्चीवर जा आणि बघा. दोन स्लॅब मध्ये आले की वायफायची हवा निघते, आणि हे एप्रिलमध्ये कळण्यापेक्षा ऑगस्टमध्ये कळलेलं बरं. मग चौकोन काढून ब्लॉक डायग्राम. गाइड सरांना दाखवायचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा, या दोन पानांतूनच निघतो.

तारखा उलट्या मांडा

सबमिशनच्या तारखेपासून मागे या. शेवटचे दोन आठवडे रिपोर्ट आणि छपाईचे, त्यात सर्किटला हात नाही. त्याआधीचे पंधरा दिवस यंत्र घरात चालवून बघण्याचे. त्याआधी एक महिना डबा, सोल्डरिंग, वायरिंग. उरला तो ब्रेडबोर्डचा, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचून सर्किट जुळवायच्या पाटीचा काळ. आता त्यातून मिड-सेम वजा करा, दिवाळी वजा करा. अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघून दुसऱ्या दिवशी कुणी सोल्डरिंग करत नाही आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, तर थेट आठव्या सेमिस्टरच्या ऐन मध्यावर येते. हे दिवस वेळापत्रकात आधीच ‘सुट्टी’ म्हणून टाका, म्हणजे नंतर अपराधी वाटत नाही.

चार जणांचा गट असेल तर कामं वाटा, पण ‘एक सर्किट, एक कोड, एक रिपोर्ट, एक खर्च’ अशी नको. त्यात कोडवाल्याला वायर कळत नाही आणि रिपोर्टवाल्याला काहीच कळत नाही. आमच्याकडे दोघांनी हौद घेतला, दोघांनी टाकी, आणि दर शनिवारी अदलाबदल.

खरेदी

इंदुरात इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग बघायला जेलरोड, आणि कॉन्टॅक्टर (मोटरसारखा मोठा भार चालू-बंद करणारा दणकट स्विच), एमसीबी (करंट वाढला की पडणारा स्विच), मोटरचं सामान घ्यायला महाराणी रोड. जे नाही मिळालं ते ऑनलाइन, पण तिथे आठवडा धरून चाला. रिले म्हणजे कॉइलला थोडा करंट दिला की दुसरं सर्किट चालू-बंद करणारा स्विच. जाताना कागदावर नुसतं ‘रिले’ लिहून नेऊ नका. ‘५ व्होल्ट कॉइल, १० अँपिअर, सिंगल चेंजओव्हर’ असं लिहा. नाहीतर दुकानातला भिया समोर चार डबे ठेवतो आणि आपण स्वस्त तो घेऊन येतो.

सगळ्यात आधी मल्टीमीटर घ्या. सेन्सरआधी, बोर्डाआधी. कंटिन्युइटीला बीप करणारा साधा चालतो, पण तो गटाचा नको, तुमचा स्वतःचा हवा. मग २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, डीसोल्डर पंप. जो भाग जळू शकतो तो दोन घ्या, म्हणजे जवळजवळ सगळेच. ब्रेडबोर्ड मात्र महागातला घ्या. स्वस्त ब्रेडबोर्डच्या पट्ट्या ढिल्या होतात आणि मग दोन दिवस कोडमध्ये चूक शोधण्यात जातात, चूक असते एका जंपर वायरीत.

बोर्ड, म्हणजे ज्यात कोड चालतो तो छोटा संगणक, कोणता? वायफाय नको असेल तर अर्डुइनो उनो पुरे. ५ व्होल्टवर चालतो, चुका सोसतो. मोबाइलवर पातळी बघायची असेल तर ईएसपी३२. तो जास्त ताकदीचा, पण नाजूक: त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिला तर आज नाही उद्या पिन मरते. आणखी तीन गोष्टी लिहून ठेवा, कारण या प्रत्येकीपायी कुणीतरी रात्र घालवलेली आहे. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटसाठी आहेत आणि त्यांना आतून पुलअप (मोकळी पिन ‘चालू’च्या बाजूला धरून ठेवणारा रोधक) नाही. १२ नंबरच्या पिनेवर चालू होताना व्होल्टेज असेल तर साधारण मिळणारा बोर्ड सुरूच होत नाही. आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ गटाच्या पिनांवर अॅनालॉग वाचन, म्हणजे व्होल्टेज किती ते मोजणं, होत नाही, एडीसी-१ च्याच घ्याव्या लागतात.

आधी वीज, मग बाकी सगळं

इथे मी रेंगाळणार आहे. मुलं म्हणतात ‘कोड अडकला’, आणि मल्टीमीटर लावल्यावर बहुतेक वेळा पुरवठाच लंगडा निघतो.

सुरुवात करताना बोर्ड, सेन्सर, रिले सगळं एकदम जोडू नका. पहिल्या दिवशी फक्त पुरवठा. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर घेतला आणि त्यावर ७८०५ हा व्होल्टेज उतरवणारा आयसी लावून ५ व्होल्ट काढले, समजा. अर्धा अँपिअर घेतला तर उरलेले ७ व्होल्ट गुणिले ०.५, म्हणजे साडेतीन वॅट उष्णता त्या बोटाएवढ्या तुकड्यात. हीट सिंक नसेल तर हात लावल्यावर चटका बसेल आणि थोड्या वेळानं ७८०५ स्वतःला वाचवायला बंद होईल. थंड झाला की परत चालू. बाहेरून दिसतं काय? ‘बोर्ड आपोआप रिसेट होतोय.’ त्यापेक्षा एलएम२५९६ चा तयार बक मॉड्यूल घ्या, तो फार न तापता व्होल्टेज उतरवतो, स्क्रूनं ५ व्होल्ट नीट सेट करा, आणि बोर्ड जोडण्याआधी मल्टीमीटरवर बघा. नवा मॉड्यूल कितीवर सेट होऊन आलेला असेल याचा नेम नसतो.

ईएसपी३२ वायफायवर बोलतो तेव्हा क्षणभर पाव अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. पुरवठा अशक्त असेल, यूएसबी वायर बारीक आणि लांब असेल, तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज बसतं आणि स्क्रीनवर ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा संदेश, उमटतं. त्याच्या पुरवठ्याच्या दोन टोकांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला लागून ‘१०४’ लिहिलेला, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, एक छोटा सिरॅमिक लावा. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पिनांजवळ असा एक १०४ हवाच. दोन-तीन रुपयांची गोष्ट.

आणि ग्राउंड, म्हणजे पुरवठ्याची ऋण बाजू. रिलेला वेगळा पुरवठा, बोर्डाला वेगळा, सेन्सर तिसरीकडून, आणि तिघांचा ग्राउंड एकमेकांना जोडलेलाच नाही. मग रीडिंग काहीही येतं. संध्याकाळी माझ्याकडे फोन येतो, ‘आत्या, सेन्सर खराब दिलाय दुकानदारानं.’ मी विचारते, ग्राउंड जोडलास का? पलीकडे शांतता.

दुसऱ्या दिवशी बोर्ड आणि एक एलईडी. तिसऱ्या दिवशी सेन्सर. मग रिले, पण रिलेच्या पुढे काही न जोडता, नुसता खट आवाज ऐकायचा. एक तुकडा चालला की त्याचा फोटो काढा, कोड वेगळ्या नावानं जपून ठेवा, मगच पुढचा. हे फोटो रिपोर्टमध्येही लागतात.

पाणी मोजायचं कसं

तीन रस्ते होते आणि तिन्ही करून बघितले.

पहिला, पाण्यात सोडलेले धातूचे दोन खिळे. पाणी दोन्हीला टेकलं की वीज वाहते. सगळ्यात स्वस्त, आणि दोन आठवड्यांत सगळ्यात त्रासदायक. सतत डीसी दिला की इलेक्ट्रोलिसिस होऊन एक खिळा झिजत जातो. बोअरचं पाणी मिसळत असाल तर वर पांढरा थरही बसतो, आमच्या माळव्यातल्या भांड्यांवर बसतो तोच. हा रस्ता घ्यायचाच असेल तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा आणि वाचायच्या क्षणापुरताच व्होल्टेज द्या, बाकी वेळ बंद.

दुसरा, अल्ट्रासॉनिक एचसी-एसआर०४. सगळ्या कॉलेजांचा लाडका. आवाज पाठवतो, परत यायला लागलेला वेळ मोजतो, तुम्ही ५८ नं भागता, सेंटिमीटर मिळतात. कागदावर सुंदर. त्याची एको पिन ५ व्होल्ट देते, म्हणून ईएसपी३२ ला जोडताना मध्ये १ के आणि २ के (के म्हणजे हजार ओहम) रोधकांचा विभाजक लावा, ३.३ व्होल्ट उरतात. २ के नाही मिळाला तर दोन १ के एकापुढे एक. पण खरी गंमत गच्चीवर आहे. ते ५८ वीस अंश तापमानाचं गणित आहे, तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. मे महिन्यात काळ्या टाकीच्या आतली हवा ४५ अंशांवर गेली तर वेग साधारण ३५८ होतो. शंभर सेंटिमीटर अंतर असेल तर यंत्र ९६ सांगेल. चार सेंटिमीटर पाणी न येताच वाढलं! स्वस्तातला तापमान सेन्सर लावून हे दुरुस्त करता येतं आणि व्हायव्हात हा एक मुद्दा नीट सांगता आला तर सर खुर्चीत पुढे सरकतात. दुसरी अडचण अशी की हा सेन्सर उघडा आहे, त्यावर पाण्याची वाफ जमते. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी मिळतो, पण त्याला जवळचं दिसत नाही, साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे तो टाकीच्या काठापासून तितका उंच बसवायला हवा, आणि मग झाकण कसं लावणार?

तिसरा, फ्लोट स्विच. आत चुंबक आणि चुंबकानं जुळणारा रीड स्विच, पाणी चढलं की तरंगतो आणि संपर्क जुळतो. टक्केवारी सांगत नाही, फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. पण उन्हात, वाफेत, लांब वायरीवरही खरं बोलतो.

शेवटी आम्ही दोन साक्षीदार ठेवले. मोबाइलवर पातळी दाखवायला अल्ट्रासॉनिक, आणि मोटर बंद करण्याचा अधिकार फ्लोटचा. अल्ट्रासॉनिक काहीही म्हणो, वरचा फ्लोट उचलला गेला की मोटर बंद. हौदात तळाशी दुसरा फ्लोट, तो खाली पडला की मोटर लागणारच नाही.

नळाला पाणी आलं हे ओळखायला भाच्यानं वायएफ-एस२०१ हा फ्लो सेन्सर लावला. आतली चक्री फिरते आणि साधारण लिटरमागे ४५० पल्स देते. पहिल्याच दिवशी त्यानं पहाटे पाच वाजता सगळ्यांच्या मोबाइलवर ‘पाणी आलं’ पाठवलं. आलं नव्हतं. आजीनं सांगितलेली ती हवा होती, तिनंही चक्री फिरते. मग नियम केला: चक्री फिरते आहे आणि हौदाची पातळीही चढते आहे, तरच पाणी. आजीनं बिघाडाच्या यादीतली ती ओळ बोट ठेवून दाखवली.

एक गोष्ट कडक शब्दांत. नगर निगमच्या लाइनीवर थेट मोटर जोडायला परवानगी नाही आणि तुमचं यंत्र ते काम सोपं करून देणारं नसावं. मोटर हौदातूनच ओढेल.

मोटरला हात लावण्याआधी

बोर्डाची पिन रिलेची कॉइल ओढू शकत नाही. ५ व्होल्टची साधारण कॉइल ७० ओहमची असते, म्हणजे सत्तर मिलिअँपिअर, आणि पिनेकडून वीसच्या आसपासच घ्यावे. म्हणून मध्ये बीसी३३७ सारखा ट्रान्झिस्टर, बेसला १ के, आणि कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. तयार रिले मॉड्यूल घेतला तर हे सगळं त्यावर असतं, पण सर्किट डायग्राममध्ये काढायला विसरू नका आणि डायोड कशासाठी ते सांगता येऊ द्या. कॉइल बंद होताना तिच्यात साठलेली ऊर्जा उलट दिशेनं मोठं व्होल्टेज उभं करते, डायोड तिला वाट करून देतो. शिवाय बोर्ड सुरू होताना काही क्षण पिन अधांतरी असते. त्या वेळी मोटरनं उचकी देऊ नये म्हणून रिलेच्या इनपुटला १० के रोधक लावून तो ‘बंद’च्या बाजूला बांधून ठेवा.

आता रिलेवर लिहिलेले १० अँपिअर. १ हॉर्सपॉवरची मोटर चालताना सहाएक अँपिअर घेते, मग १० चा रिले पुरेल असं वाटतं. पुरत नाही. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, आणि ते १० अँपिअर हीटर-बल्बसारख्या साध्या भारासाठी लिहिलेले असतात. रिलेचे संपर्क चिकटतात. चिकटले की कोड ‘बंद’ म्हणतो, एलईडी ‘बंद’ दाखवतो आणि मोटर चालूच राहते. म्हणून छोटा रिले फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवेल आणि मोटर कॉन्टॅक्टर चालवेल. सोबत ओव्हरलोड रिले, मोटर जास्त करंट घेत राहिली तर ती बंद करणारा. कारखान्यात आम्ही हेच करतो, घरातली मोटर काही वेगळी जात नाही.

२३० व्होल्टचं काम शेवटी, आणि एकट्यानं कधीच नाही. आधी मोटरच्या जागी ६० वॅटचा बल्ब लावून दोन दिवस चालवा. एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय पुढे जाऊ नका. हात लावण्याआधी एमसीबी पाडा आणि मग मल्टीमीटरनं बघा, नुसत्या टेस्टरवर विश्वास नको. डब्यात ५ व्होल्टच्या वायरी एका बाजूला, २३० च्या दुसऱ्या बाजूला, मध्ये मोकळी जागा. घरातली शेवटची जोडणी आम्ही इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली. त्यात कमीपणा काही नाही. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंही.

माझ्या स्वतःच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट इथेच सांगून टाकते. ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर असलाच पाण्याचा प्रोजेक्ट केला होता. घरी चालायचा. व्हायव्हाला एक्स्टर्नलसमोर बादलीत पाणी ओतलं आणि रिले खटखटखट करत सुटला, टाइपरायटर लागल्यासारखा. पाण्याच्या पृष्ठभागावर लाटा होत्या आणि मी चालू-बंद दोन्ही एकाच पातळीवर ठेवलं होतं. लाट वर, बंद. लाट खाली, चालू. सरांनी शांतपणे बटण बंद केलं. चालू व्हायची पातळी २० टक्के आणि बंद व्हायची ९५, एवढं अंतर ठेवलं असतं तर झालं असतं. त्याला हिस्टेरेसिस म्हणतात, हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

कोडबद्दल थोडंच

कागदावर अवस्था लिहा: थांबलेली, चालू, बिघाड. कुठून कुठे कधी जायचं याचे बाण काढा, मग कोड. ‘डिले’ वापरून बोर्डाला झोपवू नका, त्या झोपेत फ्लोट उचलला गेलेला त्याला कळत नाही. ‘मिलिस’ या आतल्या घड्याळानं वेळ मोजा. पाच रीडिंग घेऊन मधलं घ्या, सरासरी नको, एक वेडं रीडिंग सरासरी बिघडवतं. वॉचडॉग चालू ठेवा, कोड अडकला तर तो बोर्ड रिसेट करतो. आणि कमाल वेळ: आमची टाकी भरायला पस्तीस मिनिटं लागतात असं घड्याळानं मोजलं, म्हणून पन्नास मिनिटांनंतर काहीही झालं तरी मोटर बंद आणि बजर. लाइट जाऊन आली की मोटर आपोआप लागणार नाही, आधी दोन्ही फ्लोट तपासले जातील. वायफाय गेला तरी मोटरचं काम अडता कामा नये, मोबाइल फक्त बघण्यासाठी.

झिरो पीसीबी आणि डबा

ब्रेडबोर्ड घेऊन डेमोला जाऊ नका. पीसीबी, म्हणजे छापील सर्किटची पाटी, बनवून घ्यायला वेळ असेल तर कायकॅड या सॉफ्टवेअरमध्ये आखा, ते फुकट आहे. नसेल तर झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या तयार पाटीवर, सोल्डर करा, लाजण्यासारखं नाही. बोर्ड थेट सोल्डर न करता बर्ग स्ट्रिपवर (पिना खोचायच्या पट्टीवर) बसवा, म्हणजे जळला तर उचलून दुसरा. टिप ३३०-३५० अंशांवर, पॅड आणि पाय दोन्ही आधी तापवा, मग सोल्डर लावा. टाका चमकदार आणि डोंगरासारखा उतरता हवा, गोळी झाली तर परत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वायरीला स्क्रू टर्मिनल आणि कागदाची चिठ्ठी. डबा प्लास्टिकचा, वायर खालून आत येईल अशी, केबल ग्लँडसकट, म्हणजे वायरीभोवतीचं भोक घट्ट बंद करणाऱ्या बुचासकट. वरून भोक पाडलं तर पहिल्याच पावसात समजेल.

पंधरा दिवस घरात

आता यंत्र आजीच्या ताब्यात द्या आणि तुम्ही गप्प बसा. शेजारी एक वही आणि पेन बांधा. तारीख, वेळ, काय झालं. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात नऊ नोंदी होत्या, त्यातल्या चार ‘बजर उगाच वाजला’ आणि एक ‘बजर फार कर्कश आहे’. चौथ्या दिवशी मोटर सुरू होताना बोर्ड रिसेट व्हायला लागला. फ्लोटची वायर मोटरच्या वायरीला चिकटवून एकाच पाइपातून नेली होती. वेगळी केली, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर व्होल्टेजचे झटके शोषणारा स्नबर लावला, थांबलं. दुसऱ्या आठवड्यात दोनच नोंदी. ही वही रिपोर्टच्या ‘निष्कर्ष’ प्रकरणात जशीच्या तशी टाका. तिचा फोटोसुद्धा, हळदीच्या डागासकट.

रिपोर्ट आणि व्हायव्हा

रिपोर्ट रोज थोडा लिहिला असेल तर इथे सांगण्यासारखं फार नाही. नेटवरून ‘अर्डुइनोचा इतिहास’ उचलून पानं भरू नका, ती पानं कुणी वाचत नाही आणि साहित्यचोरी तपासणारं सॉफ्टवेअर मात्र वाचतं. मोजमापांचा तक्ता द्या: पट्टीनं किती, यंत्रानं किती, फरक किती. खर्चाचा खरा हिशोब द्या, जळलेल्या भागांसकट.

इंदूरची इंजिनीअरिंग कॉलेजं एसजीएसआयटीएस असो, खंडवा रोडवरचं आयईटी असो की एखादं पॉलिटेक्निक, प्रश्न साधारण तेच असतात. हा सेन्सर का, तो का नाही? अचूकता किती, आणि ती कशी काढली? लाइट गेली तर? हा डायोड काढला तर काय होईल? गटातल्या प्रत्येकाला या चारांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत यायला हवीत. घोकलेलं उत्तर दुसऱ्याच वाक्यात पकडलं जातं.

डेमोच्या दिवशी पिशवीत हे असू द्या: एक्स्टेन्शन बोर्ड, कारण टेबलाजवळ प्लग असेलच असं नाही. स्वतःचा मोबाइल हॉटस्पॉट, आणि त्याचं नाव-पासवर्ड आधीच कोडमध्ये. जास्तीचा बोर्ड, त्यात कोड भरून ठेवलेला. स्क्रूड्रायव्हर, मल्टीमीटर, इन्सुलेशन टेप. दोन बादल्या आणि फरशी पुसायला जुनं फडकं. यंत्र चालतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये, न जाणो. सकाळी पोहे खाऊन जा, नंबर दुपारी तीनला लागतो.

भाच्याच्या डेमोला अल्ट्रासॉनिकनं ऐनवेळी शून्य दाखवलं, एको पिनेची वायर निसटली होती. फ्लोट उचलला गेला आणि पंप बरोबर थांबला. सरांनी विचारलं, सेन्सर बंद असताना हे कसं झालं? त्यानं बिघाडाचं ते पहिलं पान काढून समोर ठेवलं.

यंत्र आता घरी परत बसवलंय. आई अजूनही पाण्याच्या दिवशी सिलेक्टर ‘मॅन्युअल’वर करून हौदापाशी बसते. पाणी आलं की उठून ‘ऑटो’ करते आणि चहा टाकते.